तिसरं युनिट

कॅन्टीनमध्ये आम्ही सारख्याच होतो.
आयकार्डची दोरी निळी, ग्लास तेच चरे पडलेले,
सहा जणींत दोन प्लेट शेवभाजी,
जादा रस्सा भिकनभाऊ न बोलता वाढायचा.
सुट्टीहून येताना रमिला पावरा
वहीच्या कागदात चारोळ्या बांधून आणायची.
गॅदरिंगला ती माझी मोरपंखी साडी नेसली,
मी तिच्या आजीचे चांदीचे कडे घातले.
फोटोत कळत नाही कोण चोपड्याच्या डॉक्टरची
आणि कोण वैजापूरच्याही पलीकडची.
तो फोटो मी बरेच दिवस
पुरावा असल्यासारखा जपला.

मार्चात होस्टेल दोन तासांत रिकामं केलं.
एसटी बंद व्हायची होती संध्याकाळपासून.
ती पत्र्याची पेटी घेऊन आमच्या दारात,
“ठेवतेस? आठ दिवसांत नेते.”
पेटी उघडून एकच वही काढली, पिशवीत घातली,
कुलूप लावलं, ओढून पाहिलं.
आमच्या अंगणात चारचाकी उभी होती.
पप्पांकडे पासही होता.
मी पाणी विचारलं.

आईनं पेटीवर सॅनिटायझर मारलं,
चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवली.
पत्रा भाजीच्या तव्यासारखा तापायचा.
मग ती जिन्याखाली गेली, वर जुने पेपर.

वर्ग मोबाइलवर भरू लागला.
चौकोनांतून घरं दिसायला लागली:
कुणाचा एसी, कुणाच्या मागे म्हैस,
कुणी कॅमेरा कधी लावलाच नाही.
हजेरी माझ्याकडे होती.
सत्तावीस नंबर, रमिला. गैरहजर. गैरहजर.
काकाचा फोन लावायचे, बंद.
नंतर नंतर लावलाही नाही.

ऑक्टोबरात परीक्षा. साठ प्रश्न, एक तास.
तिचा फॉर्म मीच भरला होता,
पासवर्ड जन्मतारीख, एक जून,
तिच्या पाड्यावर सगळ्यांचीच एक जून,
गुरुजींनी एका दुपारी सगळं गाव जन्माला घातलं होतं.
लॅपटॉपवर माझा पेपर,
आईच्या मोबाइलवर तिचा.
अकरा पंचवीसला तिचा संपवला.
हात थरथरत होता, आणि किती बरं वाटत होतं!
तिला चार मार्क माझ्यापेक्षा जास्त पडले.
हे मी मैत्रिणींना सांगितलंसुद्धा,
आवाज खाली करून, जरा जास्तच खाली.

ती आली जानेवारीत, पेटी न्यायला.
रापलेली, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे.
मी गुणपत्रिका पुढे केली.
वाट पाहत होते, ती काय म्हणेल त्याची.

“मी आले होते त्या दिवशी,” ती म्हणाली.
“केळीच्या ट्रकवर, पहाटे निघून.
स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे बसले, साडेअकराला.
त्यानं वीस रुपये आधी घेतले.
स्क्रीनवर आलं,
तुमची परीक्षा सबमिट झाली आहे.”

मास्कच्या आत माझं तोंड होतं, एवढंच.

“तिसरं युनिट मला येत होतं,” ती म्हणाली.
“तेवढीच वही होती ना.
दगडफूल. शेवाळ आणि बुरशी, एका जागी दोघं.
आमच्या नाल्यावर दगड न् दगड भरलाय.
पोरांना दाखवून दाखवून पाठ केलं.
बाकीचं नसतं आलं. नापास झाले असते कदाचित.”

मग हसली. रागानं नाही.
रागानं हसली असती तर
मला काही तरी बोलता आलं असतं.

गुणपत्रिका तिनं घेतली,
नोकरीच्या फॉर्मला लागते म्हणाली.
जिन्याखालून पेटी ओढली.
पत्र्यावर जिथे जिथे फवारा बसला होता
तिथे गंजाचे ठिपके.
कुलूप उघडलं आणि माझ्यासमोर उकिडवं बसून
एकेक पुस्तक बाहेर काढलं,
मोजलं,
परत आत ठेवलं.

आईनं आतून विचारलं, चहा ठेवू का.
कुणाच्या कपात, ते नाही विचारलं.